औंदा दुखलं का नाई?

पोळा झाला की आमच्या नाटक कंपनीचे मालक मोटारसायकलवरून आमच्या गावी येतात. ओसरीवर बसतात, डोक्याचा दुपट्टा सोडतात, रोवणी कशी झाली, धानावर तुडतुडा आहे का, तळ्यात पाणी किती, सगळं विचारून घेतात. चहा आला की बशीत ओततात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "मंग भाऊ, औंदा दुखलं का नाई?"

हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. यंदा पीक कसं आहे, असं विचारावं तसं हे माझं दुखणं विचारतात. पण डोकं फिरलं तरी मी उत्तर देतो, आणि दुखलं नसेल तर उत्तर देताना माझा आवाज ओशाळलेला असतो, हे त्याहून वाईट. दुखलं असेल तर मालकांचा चेहरा खुलतो. नसेल तर ते नुसतं "बरं, बरं" म्हणतात आणि दुसरा कप घेत नाहीत.

मी झाडीपट्टीची नाटकं लिहितो. चामोर्शीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठी आमचं गाव आहे. दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, घरोघर पाहुणे येतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक हवंच. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. नाटकात भांडण पाहिजे, विनोद पाहिजे, लावणी पाहिजे, पण मुख्य म्हणजे रडू पाहिजे. बायका पदर ओला करून घरी गेल्या तर नाटक चाललं म्हणायचं. नाही गेल्या तर पुढल्या गावचं बोलावणं येत नाही. हे रडू लिहायचं काम माझ्याकडे आहे, आणि मला सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग आतून कोणी हाडं पिळतंय असं वाटतं. थंडी पडली, ताप आला, पाणी कमी प्यायलं, कशानंही होतं. लहानपणापासून आहे. आमच्या भागात हे काही नवलाचं दुखणं नाही.

दुखणं आणि नाटक यांची गाठ पडली ती एका गाण्यामुळे. पोरगी सासरी निघाली आहे आणि आई तिची ट्रंक भरते आहे, असं ते गाणं होतं. आई एकेक वस्तू ठेवते आणि शेवटी ट्रंकेत जागा उरत नाही, तरी ठेवतच राहते. त्या पावसाळ्यात मी बरेच दिवस गडचिरोलीच्या दवाखान्यात पडून होतो, आणि सुट्टी झाल्यावर हे गाणं मालकांच्या हातात दिलं. मंडईत पहिल्यांदा ते झालं तेव्हा मांडवात हुंदक्यांशिवाय आवाज नव्हता. आमच्याकडे तालमी कमी होतात, म्हणून रंगमंचापुढे खड्डा करून त्यात प्रॉम्प्टर बसतो आणि सगळ्यांचे संवाद खालून वाचतो. त्या रात्री प्रॉम्प्टरच रडत बसला, पान उलटायचं विसरला, आणि आमचा हिरो तोंड उघडं ठेवून नुसता उभा राहिला. लोकांना वाटलं, त्याचाही कंठ दाटून आला. टाळ्या पडल्या.

तेव्हापासून ते गाणं आलं की त्याआधी निवेदक माइकवर सांगतो, "रसिकहो, हे गाणं लेखकानं मरणाच्या दारात लिहिलेलं आहे." मी पुढच्या रांगेत शाल घेऊन बसलेलो असतो. लोक वळून बघतात. मीही मग मरणाच्या दारातून नुकताच आल्यासारखा चेहरा करतो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पण गाणं खरंच कसं झालं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. एवढं नक्की, की दुखत होतं तेव्हा काहीही सुचत नव्हतं. मी उशीचा कोपरा दातात धरून पडायचो आणि जो जवळ येईल त्याच्यावर खेकसायचो. मग एका दुपारी दुखणं उतरलं. शेजारच्या खाटेवर अहेरीकडचा एक म्हातारा होता, त्याच्या सुनेनं डब्यात मासोळ्यांचा रस्सा आणला होता. त्या वासानं मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली, तोंडाला पाणी सुटलं, आणि पहिली ओळ आली. आता हे माइकवर कसं सांगायचं? आईच्या मायेचं गाणं, आणि ते मासोळीच्या रश्श्यावरून आलं! शिवाय ती ट्रंक माझ्या डोक्यात त्याआधी, पेरणीपासूनच फिरत होती, असंही मला कधीकधी वाटतं. मग त्यात दुखण्याचं काय? की दुखलं नसतं तर भूकही तशी लागली नसती? विचार करायला लागलो की माझा पार गोंधळ होतो, आणि बायको म्हणते, "मोठे इचारवंत. बकऱ्या बांधा पहिले."

दुखण्यानंच माणूस लिहिता होत असता तर आमच्या तालुक्यात घरटी एक नाटककार निघाला असता. माझ्या चुलत्यालाही हेच दुखणं होतं. त्याला दुखलं की तो शिव्या द्यायचा, आणि त्या शिव्यांतही काही नवीन नसायचं.

पुढे दवाखान्यातून रोजची कॅप्सूल सुरू झाली. मधूनमधून रक्त तपासायचं आणि रोज न चुकता घ्यायची. थोड्याच महिन्यांत माझं दुखणं इतकं कमी झालं की पहिल्या हिवाळ्यात मी घाबरलो. अंगणात उभा राहून थंडी अंगावर घेत वाट बघत होतो, आता दुखेल, मग दुखेल. नाही दुखलं. मला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली, मी धान बांधायला शेतात जायला लागलो. आणि पुढच्या पावसाळ्यात मी एक विनोदी नाटक लिहिलं. लिहिताना एकटाच हसत होतो. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं नाटक आहे.

लोकही हसले. पण मालक म्हणाले, "हसले भाऊ, पन रडले नाई." आणि यंदा पोळ्यानंतर आले तेव्हा, नेहमीचा प्रश्न विचारून झाल्यावर, माझं नेहमीचं ओशाळं उत्तर ऐकून, बशी खाली ठेवून म्हणाले, "एक सांगू का? ते कॅप्सूल दिवाळीपर्यंत जरासं थांबवून पाहाना. एखादं गानं होऊन जाईल."

बायकोनं त्यांच्या पुढ्यातली बशी उचलली आणि आत नेली. चहा अजून बशीत होता. मालक हसले, मीही हसलो. मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही, पण त्या रागाच्या खालीच एक बारीकसा विचार वळवळत होता, की थांबवून बघायला काय हरकत आहे. मी थांबवलं नाही. ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे, बायको समोर उभी राहून कॅप्सूल गिळायला लावते म्हणून.

त्या दिवशी ओसरीवर आणखी एक जण बसून होतं. आमची मुलगी. ती सातवीत आहे. चवळीच्या शेंगा सोलत बसली होती आणि आमच्याकडे तिचं लक्ष नाही असं मला वाटलं होतं. तिलाही सिकलसेल आहे. आमचं लग्न झालं तेव्हा लग्नाआधी रक्त तपासायची पद्धत आमच्याकडे नव्हती. बायकोच्या रक्तातही ते अर्धं आहे, हे पोरगी झाल्यावर कळलं. पण पोरगी लहान असतानाच तिची कॅप्सूल सुरू झाली, त्यामुळे दुखणं म्हणजे काय हे तिला फारसं ठाऊकच नव्हतं. ती झाडावर चढते, शाळेत कबड्डी खेळते, आणि दिवसभर काहीबाही गाणी जोडत फिरते. लाईट गेली त्याचं गाणं, शेपटी तुटलेल्या मांजरीचं गाणं, गणिताच्या गुरुजींचं गाणं. त्या गुरुजींच्या गाण्यावर आमची सगळी आळी हसली होती. आम्ही हसायचो आणि विसरून जायचो. तिनं एकदा मला विचारलं होतं, "बाबा, माह्या गान्यानं कोनीच काऊन रडत नाई?" मी म्हणालो, "तुह्यं गानं हसाचं हाय न माय."

दिवाळीनंतर आमच्याच गावची मंडई झाली. नाटक माझंच होतं, जुनं, ट्रंकेच्या गाण्याचं. ती आईच्या मांडीवर डोकं टेकून जागी होती. निवेदकानं माइकवर तेच सांगितलं, लोक माझ्याकडे वळले, आणि मी पुन्हा तोच चेहरा केला.

मग धान कापणी आटोपली, थंडी वाढली, आणि एका सकाळी पोरगी खाटेवरून उठलीच नाही. दोन्ही पाय आणि कंबर. इतकं दुखत होतं की ती हात लावू देईना. आम्ही गाडी करून तिला गडचिरोलीला नेलं. सलाईन लागलं, इंजेक्शन दिलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी तिचे जुने कागद बघितले आणि बायकोला विचारलं, "कॅप्सूल रोज चालू आहे ना?"

"हो," बायको म्हणाली. "मी सोता हातात देते."

"नाई," खाटेवरून आवाज आला. "मी घेत नोहती. खताच्या गड्ड्यात फेकत होती."

बायको आधी माझ्याकडे बघत राहिली, मग तिच्याकडे. डॉक्टरीणबाई खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "का गं बाळा? त्रास होत होता का औषधाचा?"

"नाई. दुखल्याशिवाय गानं येत नाई न. बाबाले बी दुखत होतं तवाच आलं."

डॉक्टरीणबाईंना यातलं काही कळलं नाही. "हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. पोरगी म्हणाली, "माइकवर सांगतेत." मी खिडकीकडे बघत होतो. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, कोणाचे तरी कपडे वाळत होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्या डॉक्टरीणबाईंना सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं असंही वाटत होतं, की तसं नाही हो, म्हणजे तसंच आहे, पण तसं नाही. बायको व्हरांड्यात गेली आणि मी तिच्यामागे गेलो. ती भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "तिले सांगा काईतरी. तुमी सांगा न तिले, माह्यं आयकनार नाई." बस, एवढंच.

आता काय सांगायचं? दुखण्यानं गाणं येत नाही, असं मला ठामपणे सांगायचं होतं. बाप म्हणून सांगायलाच हवं होतं, कारण घरी गेल्यावर रोज तिच्या हातात कॅप्सूल आम्ही देणार, पण ती गिळायची की फेकायची हे तीच ठरवणार. पण खरं आहे का ते? माझ्या ज्या गाण्यानं लोक रडले ते दवाखान्यातून आलं, आणि जे नाटक मी हसत लिहिलं ते कोणाला आठवतही नाही. की लोकांनाच गाण्यापेक्षा त्यामागचं मरण आवडतं? माझं मलाच पटत नव्हतं ते मी तिला कसं पटवणार होतो?

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचं दुखणं वाढतच गेलं. ती रडून रडून थकली, मग नुसती कण्हत होती. मी डोक्यापाशी बसलो होतो. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबा, काईच येत नाई. नुसतं दुखून राह्यलं."

"मले बी काई येत नोहतं," मी म्हणालो.

"मंग माइकवर?"

"माइकवर काईबी सांगतेत. दुखत होतं तवा मी उशी चावत होतो. गानं नंतर आलं. मासोळीच्या वासानं."

दुखत असतानाही तिनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तिला फसवतो आहे. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं आणि तेच तिला खोटं वाटलं. पण ते तरी खरं होतं का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या सकाळी मात्र दुखणं जरा उतरलं. तिनं दोन घास भात खाल्ला. बायको खाली डबा धुवायला गेली होती. मी पोरीच्या पिंढऱ्यांवरून हलकेच हात फिरवत होतो, आणि लहान असताना तिला थोपटताना काहीतरी पुटपुटायचो तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "दुखन्या, कोनाचं रे तू लेकरू?"

निघून गेलं आणि मी हात थांबवला. मला स्वतःची शिसारी आली. पोरगी इथं दोन दिवस तळमळते आहे आणि ह्या माणसाला ओळ सुचते! इतक्या दिवसांत एक ओळ आली नव्हती, आणि आली ती हिच्या दुखण्यावर. मला वाटलं, तिनं ऐकलं नसावं.

ती छताकडे बघत पडली होती. आमच्याकडे शिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते, तिथं माइकवरून सारखं सांगत असतात, अमुक रंगाचा सदरा घातलेलं लेकरू सापडलं आहे, ज्याचं असेल त्यानं घेऊन जा. ती थोड्या वेळानं, अगदी सहज, म्हणाली, "जत्रा उठली, घरी जा."

मग तिनं दोन्ही ओळी एकत्र म्हणून बघितल्या. माझ्याच अंगाई चालीवर. दुखन्या, कोनाचं रे तू लेकरू, जत्रा उठली, घरी जा.

मी इतकी वर्षं लिहितो आहे. गाणं कोणतं लागलं आणि कोणतं नाही, हे मला अंगावरच्या काट्यावरून कळतं. मला वाटलं, वा! आणि लगेच वाटलं, मेलो. कारण आता हिला खात्रीच पटणार. दुखलं, दवाखान्यात आली, आणि गाणं आलं. माझ्या मासोळीच्या रश्श्यावर ती कशाला विश्वास ठेवेल?

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"बरं हाय," मी म्हणालो. "खास नाई."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमाले रडू येऊन राह्यलं, आन खास नाई म्हनता?"

मी डोळ्यांना हात लावला तर खरंच ओले होते. मला ते कळलंही नव्हतं. तेवढ्यात बायको डबा घेऊन वर आली. तिनं पाण्याचा गिलास भरला, कॅप्सूल काढली आणि पोरीपुढे धरली. पोरगी तोंड उघडेना. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"बाबानं खरं सांगतलं तर घेईन," पोरगी म्हणाली.

खरं म्हणजे कोणतं? मी एकदा कॅप्सूलकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. चांगलं आहे म्हणावं तर ती उद्या पुन्हा कॅप्सूल फेकेल. नाही म्हणावं तर आज घेणार नाही, आणि शिवाय तिची पहिली चांगली ओळ मी माझ्या हातानं मारून टाकीन. मला काहीच ठरवता आलं नाही. ठरवता आलं नाही म्हणूनच तोंडून निघालं, "चांगलं हाय. लय चांगलं हाय. मले असं जमलं नसतं."

तिनं कॅप्सूल घेतली, पाणी प्यायली, आणि आईला जीभ काढून दाखवली. मग उशीवर पडत म्हणाली, "बाकीचं घरी गेल्यावर करू. इथी सुचत नाई, लय दुखते."

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. ती कॅप्सूल घेते. दुखत नाही. कबड्डी सुरू झाली आहे. पुढची ओळ अजून आलेली नाही. तिला विचारायचं नाही असं मी रोज ठरवतो आणि रोज विचारतो. ती म्हणते, "येईल न बाबा," आणि खेळायला पळते. त्या दोन ओळी डोक्यात घेऊन मी रात्री कूस बदलत पडून राहतो. तिला मात्र अंग टाकलं की झोप लागते.